साहेबांपुढे खाणारी पोरगी

“खा गं खादाडे. साहेबास्नी दिसू दे.”

मुकादमानं सुकडीचं मापटं माझ्या ओंजळीवर हातभर उंचीवरून रिकामं केलं. निम्मी सुकडी मिरजगावच्या वाऱ्यानं नेली. आम्ही बौद्ध होऊन सोळा वर्षं झाली होती, पण ती बातमी मुकादमाच्या हातापर्यंत पोचली नव्हती.

बहात्तरचा दुष्काळ. पाझर तलावाचं काम. सरकारनं दिलेली सुकडी, म्हणजे पौष्टिक पिठाचा कोरडा भुगा, मजुरांच्या पोरांना रुचते का, ते बघायला साहेब जीपमधून आलेले. मुकादमाला खाऊन दाखवणारं कुणीतरी हवं होतं, आणि पंचक्रोशीत नाव होतं माझं. बारा वर्षांची मी. जन्मले तेव्हा सुईणीचं बोट चावलं म्हणे. एका बैठकीला अकरा भाकरी खायची. मला चटणी खाताना बघून मिरचीला ठसका लागायचा. यातल्या नऊ भाकरी मी आत्ता वाढवल्या. पुढचं मात्र कणभरही वाढवत नाही.

पहिली ओंजळ खाल्ली. लोक हसले. दुसरी खाल्ली.

“आरं, ही तलाव बी गिळंल!”

तिसरीला घशाची भुकटी झाली. पाणी मागितलं. माठाला आम्ही हात लावायचा नाही, कुणीतरी वरून ओतायचं. मुकादम म्हणाला, “आदी संपीव.” साहेबांनी घड्याळ बघितलं. चौथ्या ओंजळीला सगळं बाहेर आलं, थेट साहेबांच्या बुटाजवळ.

“सरकारी माल वकती व्हय? पूस ते.”

मी परकरानं पुसलं. माझी आई डोक्यावर मुरमाची पाटी घेऊन तिथंच उभी होती. तिनं पाटी टाकली नाही. टाकली असती तर हजेरीच्या मस्टरवरचं नाव गेलं असतं. मान ताठ आणि डोळे गळतायत, अशी बाई मी पुन्हा बघितली नाही.

दुसऱ्या दिवशी घास घशापाशी आला आणि थांबला. आई म्हणाली, “येवढ्या मान्सांनी खाताना बगितलं, नजर लागली पोरीला.” धम्म घेतलेल्या घरात तिनं चोरून मीठ-मोहरी उतरवली. तालुक्याच्या गावी डॉक्टरला दाखवलं. तो जिभेकडे न बघताच म्हणाला, “लोकांना खायला नाही, आणि हिला खायचं नाही! नाटकं करते पोरगी.” सगळं शिवार भुकेलं असताना भूक नसल्याची तक्रार कुणाकडे करायची? मला स्वतःलाच ती चोरी वाटायची.

आणि दुखणं तरी एका जागी राहावं! सरड्यासारखं रंग बदलायचं. दसऱ्यापर्यंत घसा बंद. घसा उघडला तर पोट गच्च, नुसत्या पाण्यानं नगारा. संक्रांतीला भूक परत आली, पण माणूस दिसलं की पळायची. मग बाभळीआड पाठमोरी बसून खायला लागले. तेही पोटात टिकेना. शिमग्याच्या सुमाराला सगळ्यात वाईट रंग आला. न खाण्याचा गर्व वाटायला लागला. सगळी पोरं भाकरीसाठी रडतात, मी नाही. माझी भाकरी शेळीला घालायची आणि राणीसारखी बसायची. शेळी फुगली. माझी मात्र सावली पडायची ती परकराची. आई रोज विचारायची, “काय करू गं तुला?” मला माहीत असतं तर सांगितलं नसतं का?

वैशाखात तीच जीप आली.

“कुटं हाय ती खादाडी?” मुकादम ओरडला. मी पुढं आले तसा चपापला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “बाय, चार घास खा. सायबापुढं लाज राख.”

पहिल्यांदाच ‘बाय’ म्हणाला. लाज त्याची होती, आणि ती राखायला तोंड माझं हवं होतं. डोक्यात लख्ख उजेड पडला.

सुकडीचा डबा उघडा होता. मी हात घातला. कोपरापर्यंत. मूठ भरून त्याच्या तोंडासमोर धरली.

“आदी तुमी खा. माज्या हातचं. मग मी खाती.”

तो दोन पावलं मागं सरला. मूठ मी साहेबांकडे वळवली. साहेबांनी रुमाल काढून कपाळ पुसलं, आणि ड्रायव्हरला म्हणाले, “चला, उशीर होतोय.”

धुळीत जीप दिसेनाशी झाली, आणि आईचं नाव मस्टरवरून गेलं. त्या दिवशी तिनं पाटी खाली टाकली. आता राखायचं काही उरलंच नव्हतं.

घरी आल्यावर मी चतकोर भाकरी घेऊन उंबऱ्यात बसले. रस्त्याकडे तोंड करून. घसा उघडला वगैरे काही नाही. प्रत्येक घास काट्यासारखा गेला, दुसऱ्या घासाला उमासा आला. शेजारणी थांबून बघत होत्या. बघा म्हटलं. यापुढं कुणाला दाखवायला मी खाणार नाही, आणि कुणाला दाखवायला उपाशीही मरणार नाही.

तिसरा घास तोंडात घातला. चावला.