तिसऱ्या नळीचा जोड

पाण्याच्या पिंपात बुडवलेल्या मॅनिफोल्डच्या तिसऱ्या नळीपाशी एक बुडबुडा उठला. सत्यशीला बघत राहिली. दुसरा उठला, मग बारीक माळच लागली. जोड गळत होता.

अंबडच्या बाजारपेठेमागं तिचं वेल्डिंगचं दुकान. आयटीआय झाल्यावर सहा वर्षं जालन्याच्या एका कारखान्यात ॲल्युमिनियमच्या टाक्या जोडल्या, मग स्वतःचं मशीन घेतलं. मंठ्याच्या आर्यननं जुन्या गाडीला टर्बो बसवला होता. म्हणजे इंजिनात हवा दाबून भरायची. त्या दाबानं चारही सिलिंडरला हवा वाटून देणारा प्लास्टिकचा मॅनिफोल्ड उकलला. तसाच ॲल्युमिनियमचा घडवायला तिला पाच दिवस लागले. आणि उद्या सकाळी त्याला शर्यतीला निघायचं होतं.

वरून लांबीचा लगदा भरू, उद्यापुरतं निभावेल, असं आर्यन म्हणाला.

"न्हाई. लांबी उखडून आत ओढली गेली, तर इंजिन जाईल. भर वेगात गेलं तर तूही जाशील."

त्यानं विनवलं, मग चिडला. दुसरीकडून करून घेतो म्हणत मॅनिफोल्डला हात घातला. तिनं तो सोडला नाही. कारखान्यात असंच एकदा गळक्या टाकीला लांबी लावली होती, साहेबानं सांगितलं म्हणून, आणि ती गप्प बसली होती. चाचणीत टाकी फुटली. शेजारी काम करणाऱ्या भिवाचा एक डोळा गेला.

"दुपारपर्यंत थांब," एवढंच ती आर्यनला म्हणाली.

तिनं जोड घासून काढला. जागा दोन नळ्यांच्या बेचक्यात, वेल्डिंगचा टॉर्च जेमतेम शिरत होता. लोखंड तापलं की लाल होऊन सांगतं तरी; ॲल्युमिनियम काहीच सांगत नाही, एकाएकी ढासळतं. त्या मापाची दुसरी नळी दुकानात नव्हती. श्वास रोखून ती वितळल्या धातूचा एकेक थेंब टाकत गेली. मधेच धातूवर ओली चमक पसरली, कड खचू लागली. तिनं झटकन ठिणगी तोडली, आकडे मोजत थांबली, पुन्हा सुरू केलं.

गार झाल्यावर पिंपातलं पाणी स्थिर राहिलं. पण इंजिनाला टेकणारी पट्टी काचेवर ठेवली, तर एका टोकाखाली केसभर उजेड. तापून वाकली होती. काचेवर पॉलिश पेपर पसरून ती पट्टी घासायला बसली. थोड्या वेळानं आर्यनही समोर बसला, दुसऱ्या बाजूनं धरून घासू लागला. दीड तास दोघं घासत राहिले.

मॅनिफोल्ड चढवून घनसावंगीच्या रस्त्याला गाडी काढली, तेव्हा ती त्याच्या शेजारी बसली. तू कशाला, असं त्यानं विचारलं.

"जोड माझा आहे," ती म्हणाली. "दाब पूर्ण चढू दे."

दाबाचा काटा चढला. सीटची कड धरून ती फक्त आवाज ऐकत होती. कुठं शीळ नाही, फुसफुस नाही. आर्यननं गाडी हळू केली, तेव्हा तिला बोटं सोडवता येईनात.

शर्यतीत त्याचा नंबर आला नाही. दुसऱ्या फेरीत क्लच घसरला. ते त्यानं फोनवर नाराजीनंच सांगितलं. मॅनिफोल्ड उघडून पाह्यला, बराबर आहे, असंही म्हणाला. पुढच्या महिन्यात त्याचं नाव सांगत दोघं जण आपापल्या इंजिनाची मापं घेऊन तिच्या दुकानात आले.