हुकाला बांधलेला हार

माझ्या पायावर मोटर पडली ती दसऱ्यानंतरच्या आठवड्यात, आणि ज्या हुकावरून ती पडली त्याची पूजा मीच केली होती. एवढं ऐकलं की लोक हसायच्या तयारीत बसतात. मीही त्यांना कधी निराश केलं नाही, आणि सगळा घोटाळा तिथंच झाला.

पनवेलजवळच्या एका कारखान्यात मी फिटर होतो. खंडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारं धुऊनपुसून, हळदकुंकू लावून मांडायची पद्धत. पान्यांपासून लेथपर्यंत सगळ्यांना झेंडूचे हार. जड वजनं उचलायच्या चेनपुलीच्या हुकाला सगळ्यांत जाड हार, कारण मॅनेजरसाहेब नारळ फोडायला तिच्याशेजारीच उभे राहायचे. शिडीवर चढून तो हार बांधायचा मान मी दरवर्षी भांडून मिळवायचो. एकदा घातलेला हार कुणी काढायचा नाही, हा आमचा नियम. वाळून आपोआप गळेपर्यंत तो तसाच, आणि काम त्याच हुकावर चालू.

हुकाच्या तोंडाशी एक छोटी खिटी असते, अडकवलेला पट्टा बाहेर सरकू नये म्हणून. आमच्या हुकाची खिटी केव्हाच तुटून गेली होती. सुपरवायझरला सांगून झालं होतं. तो ‘बघू’ म्हणायचा. हारानं ते बोडकं तोंड झाकलं गेलं आणि हूक एकदम सालंकृत दिसायला लागला. त्या दिवशी मशीनची मोटर वर चढवताना पट्टा सरकला. माझा डावा पाय गुडघ्याखाली असा चेचला गेला की तेव्हापासून तो माझ्याबरोबर येतो, पण नाराजीनं.

इस्पितळात पहिले काही दिवस मंडळी झुंडीनं यायची. मोसंबी ठेवायची, पायाकडे बघायचं टाळायची, आणि लगेच घड्याळाकडे बघायची. त्यांची चूक नव्हती. चेचलेल्या माणसाशी बोलणार काय? माझं घरचं असं कुणी नव्हतं. आई गेलेली, भाऊ गावाला, लग्न जमता जमता राहिलेलं. भेटीची वेळ संपली की शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या घरून आलेल्या डब्याचा वास, आणि मी.

मग मी गोष्ट रचली. म्हणालो, “अरे, खिटी होती की. मीच हाराचा दोरा गुंडाळून ती उघडी बांधून ठेवली. देवाला वाटलं, एवढा जाड हार घातलाय म्हणजे हा काहीतरी मागतोय. त्यानं वरून मोटरच दिली.”

लोक खाटेचा कठडा धरून हसले. नर्सबाईसुद्धा हसल्या. दुसऱ्या दिवशी मंडळी नवे श्रोते घेऊन आली. त्यात माझा जोडीदार सगळ्यांत पुढं. तो बेलपाड्याचा, कंत्राटावरचा कामगार, अपघाताच्या वेळी चेन ओढणारा. येताना कुणाला तरी धरून आणायचा आणि म्हणायचा, “भाऊ, यांना तो हार सांग.” मी सांगायचो. दर वेळी हार थोडा जाड व्हायचा.

मी घरी आलो, नवीन पनवेलच्या भाड्याच्या खोलीत, आणि कंपनीचं म्हणणं कळलं. सुरक्षेची खिटी कामगारानं स्वतःच बांधून ठेवली, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगतो, तेव्हा भरपाई नाही. अशा पायानं फिटरचं काम जमणार नाही, तेव्हा नोकरीही नाही. मधल्या काळात चेनपुलीला खिटीसकट नवा हूक लागला होता, पिवळाधमक रंगवलेला. जुना भंगारात गेला. उरला होता तो माझा विनोद.

युनियननं वकीलबाई दिल्या. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, “निकाल लागेपर्यंत अपघाताबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. चेष्टेत तर नाहीच नाही.”

मी बोललो नाही. मंडळी खोलीवर आली, हार मागितला, मी गप्प. आणखी एकदोनदा आली. गप्प माणसाकडे चहा प्यायला कोण कशाला येईल? पुढं जिना चढणारी पावलं शेजाऱ्यांकडेच वळायची. मी कुबडी हाताशी ठेवून ऐकायचो, दार उघडावं लागलंच तर उशीर नको म्हणून. जोडीदार तर अजिबात फिरकेना. मग कळलं की कंपनीचा साक्षीदार तोच आहे. त्याला कायम करायचा शब्द मिळाला होता.

ठाण्याला कोर्टात आधी माझी पाळी आली. कंपनीच्या वकिलांनी माझा विनोद मला वाचून दाखवला. इतका वाईट सांगितलेला मी तो कधीच ऐकला नव्हता. असं म्हणालात का, विचारलं. म्हणालो, हो. खोटं होतं, तर मग का म्हणालात? वकीलबाईंनी शिकवलेलं उत्तर मी साफ विसरलो.

“साहेब, हसले नसते तर उठून गेले असते,” मी म्हणालो.

कुणीच हसलं नाही.

मग जोडीदार उभा राहिला. माझ्याकडे बघेना. हा असं बोलला का, विचारल्यावर म्हणाला, “बोल्ला. पन हा काय पन बोलतो.” वकीलबाईंनी त्याला एकच विचारलं. अपघाताच्या दिवशी हुकाला खिटी होती का? त्यानं समोर बसलेल्या मॅनेजरसाहेबांच्या बुटांकडे बघितलं.

“नाय,” तो म्हणाला. “ती आमी कदी पाह्यलीच नाय.”

पुढं निकाल माझ्या बाजूनं लागला. भरपाई मिळाली, आणि टूलरूमच्या खिडकीत बसून हत्यारं द्यायचं काम मिळालं. लोक पाना मागतात, घेतात, जातात. जोडीदाराचं कंत्राट मात्र पुन्हा निघालं नाही.

पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी आम्ही बाहेर आलो तेव्हा त्याला घेऊन आलेली कंपनीची जीप त्याला न घेताच गेली होती. पनवेलच्या एसटीत जागा शेजारीशेजारीच मिळाली. मी घसा खाकरला. त्याला थँक्यू म्हणावं, निदान जीपवरून काहीतरी गमतीचं बोलावं, असं मनात होतं.

“भाऊ,” तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, “आता काय बोलू नको.”

मी बोललो नाही. बेलपाड्याच्या फाट्यावर गाडी थांबली. मी नाराज पाय हातांनी उचलून बाजूला घेतला, त्याला जायला वाट दिली. तो उतरला आणि गावाच्या वाटेला लागला. पनवेलपर्यंत शेजारची जागा रिकामीच होती.