पायाखालचं जंगल

उत्तर ध्रुवाकडच्या त्या माळावर विद्यापीठाच्या अभ्यासवर्गाबरोबर चालताना मला सारखी झाडांची आठवण येत होती. नजर जाईल तिथवर एक झाड नव्हतं. तेवढ्यात आमच्या प्राध्यापक बाई म्हणाल्या, "आता आपण जंगलातून चाललोय."

मी खाली पाहिलं. माझ्या बुटाखालून करंगळीएवढी एक फांदी शेवाळात पसरत गेली होती. नखाएवढी पानं, लोकरीसारखा एक तुरा. हा इथला विलो, म्हणजे झाडच. वारा उभं राहू देत नाही, म्हणून जन्मभर आडवाच वाढतो.

"तुझ्या आईहून वयाने मोठा असेल हा," बाई म्हणाल्या.

ते ऐकलं आणि माझा हात आपोआप खाली गेला. पानांना बोटं टेकवून मी ती कपाळाला लावली. बरोबरची मुलं बघत राहिली, तेव्हा सांगावं लागलं, "आमच्याकडे मोठ्यांना पाय लागला की असा नमस्कार करतात."

बाईंना ते फार आवडलं. त्यांनीही वाकून तसंच केलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "आणि दुसऱ्या पायाखाली आहे त्याचं काय?"

लहानपणापासून किती वेळा हा हात कपाळाला लावला असेल! पण पाय लागल्याचं कळलं तेव्हाच. न कळता कशाकशावर उभी राहिले असेन, हे कधी मनातच आलं नव्हतं.

मी दुसरा पाय उचलला. तो टेकवायला मात्र बराच वेळ जागा सापडेना.