एक शून्य कमी

गल्लीत त्यांना सगळे ‘रफार’ म्हणत. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झालेला हा माणूस साबणाच्या वेष्टनावरचा मजकूरही पेन्सिल घेऊन वाचायचा. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसावं, तशी त्यांना दुसऱ्याची वेलांटी दिसे. पण आता घरात त्यांना विचारतं कोण? विचारायची ती एकटी सून. ती मुलांचे स्वेटर विणून ऑनलाइन विकायची आणि नवीन पान टाकण्याआधी म्हणायची, “बाबा, एकदा नजर टाका ना.” त्या एका वाक्यावर रफारांचा आठवडा निघायचा.

त्या दिवशी तिने ‘ऊबदार स्वेटर’ असं लिहिलं होतं. झालं! रफारांनी तिला अर्धा तास बसवून घेतलं. “ऊब दीर्घ. पण दार लागलं की उबदार, ऱ्हस्व. कळलं?” सुनेने उ ऱ्हस्व केला, रफारांनी मान डोलावली आणि पान जगासमोर गेलं. खाली किंमत होती १२५. हवी होती १२५०. ती रफारांच्या नजरेखालून गेली होती, पण छापखान्याची शिस्तच तशी: अक्षरं आपली, आकडे गिऱ्हाइकाचे.

दुपारपर्यंत नऊ ऑर्डरी आल्या. सून आधी हरखली, मग तिने किंमत पाहिली आणि मटकन खाली बसली.

“रद्द करते सगळ्या. ॲपच्या नियमात आहे, आपण ऑर्डर स्वीकारेपर्यंत सौदा पक्का नाही.”

“असं कसं? छापलं ते छापलं!” रफार कडाडले.

“बाबा, एका स्वेटरला आठ दिवस लागतात मला. एवढ्या पैशात लोकरसुद्धा येत नाही. छापलं ते छापलं म्हणायला तुमचं काय जातंय?”

रफारांचा चेहरा खर्रकन उतरला. तिचं खरं होतं. ते गुपचूप फोन घेऊन बसले आणि एकेका गिऱ्हाइकाला सांगू लागले, “चूक माझी. पान मी तपासलं होतं.” आठजण समजुतीने ऑर्डर सोडायला तयार झाले, त्यातल्या एकाने तर चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगितलं. नववी बाई मात्र खमकी निघाली.

“दारावर एक पाटी लावायची आणि आत आलेल्याला म्हणायचं पाटी चुकली? तुम्हाला तरी पटतं का हे?”

रफार फोनवरच उठून उभे राहिले. “नाही पटत,” ते म्हणाले आणि १२५ लाच स्वेटर द्यायचा शब्द देऊन बसले.

हे त्यांनी सुनेला सांगितलं. तिने कपाटातून निळा स्वेटर काढला, घडी घातली, पाकिटात भरला. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

पुढचे चार दिवस तिने काही विचारलं नाही. रफार उगाच तिच्या खोलीसमोरून येरझाऱ्या घालत. विजेच्या बिलात दोन चुका सापडल्या, पण सांगायला तोंड नव्हतं. आपल्याला कायमची सुट्टी मिळाली, असं वाटून त्यांना खरोखर रडू येत होतं.

पाचव्या दिवशी सून मोबाइल घेऊन समोर आली. “बाबा, नवीन पान आहे. बघता?”

रफारांनी चष्मा दोनदा पुसला. आधी किंमत वाचली, बोट ठेवून, एकेक आकडा मोठ्याने. मग अक्षरं. सगळं चोख होतं. अगदी तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती: ‘किंमत लिहिण्यात चूक झाल्यास विक्रेता जबाबदार नाही.’

त्यांनी ती दोनदा वाचली. व्याकरणात काही खोट नव्हती.

“ही ओळ काढ,” ते म्हणाले.

“अहो बाबा, असू दे ना. सगळेच लिहितात.”

“मग मी कशाला आहे?”

सुनेने त्यांच्याकडे पाहिलं आणि ओळ पुसून टाकली.