गार्डबाईच्या पाठीवरचे अकरा टाके

टाचणीकाकूंच्या खांद्याशी कायम सातआठ टाचण्या खोचलेल्या असत, म्हणून गल्लीनं त्यांना ते नाव दिलं. चाळीस वर्षं शिवणकाम केलेली बाई. फाटलेलं, उसवलेलं काही नजरेला पडलं की त्यांना चैन पडायचं नाही. पाहुण्याच्या शर्टाचं बटण लोंबत असलं तर चहा नंतर, आधी शर्ट काढा!

त्यांचे यजमान रेल्वेच्या फाटकावर होते. गाडी यायची झाली की फाटक बंद, गेली की उघडं. एकतीस वर्षांत एकदाही चूक नाही. त्यामुळे ते सगळ्यांचे फाटककाका. निवृत्त झाल्यावर करायला काही उरलं नाही, तेव्हा हे गृहस्थ घरातली दारं लावत सुटले. कपाट लाव, फडताळ लाव, काकू न्हाणीघरात असल्या तरी बाहेरून कडी. काकूंचा आतून जो काय उद्धार चालायचा तो चार घरं ऐकायची.

बदकं आली ती काकांच्या बहिणीमुळे. आक्कांच्या घरामागं तळं, तळ्यात बदकं. एकदा त्या खायला म्हणून डझनभर अंडी कापसात गुंडाळून घेऊन आल्या. काकांनी एक अंडं हातात घेतलं, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अगं, यांना ऊब दिली तर?"

"द्या की! तुम्हीच बसा त्यांच्यावर. नाहीतरी दिवसभर बसूनच असता."

पण काका पेटले. थर्माकोलचं खोकं, त्यात बल्ब, थर्मामीटर, हवा कोरडी पडू नये म्हणून पाण्याची वाटी. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. दिवसातून तीनदा अंडी फिरवायची. सकाळी फुली वर, दुपारी गोल वर. भिंतीवर चक्क वेळापत्रक लागलं. आठव्या दिवशी त्यांनी खोली अंधारी करून अंड्याला टॉर्च लावला. आतल्या लाल शिरा आणि त्यांच्यामधला तो हलणारा ठिपका बघून काकू स्वयंपाक विसरल्या. भाजी करपली ती करपलीच.

"गाडी अठ्ठाविसाव्या दिवशी पोचणार," काका येईल त्याला सांगायचे.

सत्ताविसाव्या दिवशी एका अंड्याला टवका पडला. आतून चिवचिव. काकूंनी लगेच छोटी कात्री काढली.

"खबरदार!" काका ओरडले. "सिग्नल मिळालेला नाही अजून."

"अहो, अडकलंय ते बिचारं!"

"अडकलेलं नाही, दम खातंय. कवच ओढलंस तर आतल्या शिरा फाटतील. आक्का म्हणाली आहे, दिवसभर लागतो. आपलं आपण येतं ते."

काकू दिवसभर हात मांडीखाली दाबून बसल्या. त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात लांब दिवस तो. शेवटी आठ पिल्लं बाहेर आली, ओली, वेडीविद्री, आणि डोळे उघडल्यावर त्यांना पहिल्यांदा दिसला तो काकांचा चष्मा. झालं! तेव्हापासून काका त्यांची आई. अंगणात पुढं काका आणि मागं एका रांगेत आठ बदकं. रांगेतली शेवटची मोठी शहाणी. मध्येच थांबून मान वळवून मागं बघायची, सगळं ठीक आहे ना, मग पुढं. तिचं नाव काकांनी गार्डबाई ठेवलं. ती काकांच्या पायाचा अंगठा चोचीत धरून ओढायची आणि काकूंवर मात्र फिस्कारायची. "सवत मेली," काकू म्हणायच्या आणि तिलाच आधी दाणे टाकायच्या.

इथवर सगळं गोडीगुलाबीचं. पण त्याच वर्षी काका विसरायला लागले होते. दुकानात गेले की रिकाम्या हातानं परत. तोच प्रश्न तासाभरात तीनदा. बोलता बोलता साधा शब्द सापडायचा नाही आणि हात हवेत तसाच राहायचा. काकू चटकन तो शब्द पुरवायच्या. पिशवी रिकामी आली तर म्हणायच्या, "अहो, काय आणायचं ते मीच नव्हतं सांगितलं." कोणाला कळायला नको, आणि त्यांना स्वतःला तर मुळीच नको, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. एकतीस वर्षं ज्याचं काही चुकलं नाही, त्याला हे सोसणार नाही, अशी त्यांची खात्री होती.

एका दुपारी काका बदकांना खुराड्यात घालून येऊन पडले आणि कडी लावायची राहिली.

कुत्रा शिरला. काकू मशीनवरून उठून धावेपर्यंत सात बदकं अंगणभर पांगली होती आणि गार्डबाई त्याच्या तोंडात होती. काकूंनी हातातली लाकडी पट्टी फेकून मारली. कुत्रा तिला टाकून पळाला. पाठीवर, पंखाच्या मुळाशी, तळहाताएवढी कातडी फाटून लोंबत होती आणि बाजूला दातांची खोल भोकं.

काका दारात उभे होते. त्यांचा चेहरा बघून काकूंना एवढंच कळलं की हे बदक मरता कामा नये. ते मेलं तर हा माणूस त्यापाठी खचेल.

मग त्यांनी आयुष्यभर केलं तेच केलं. सुई उकळली, रेशमी धागा घेतला, कोमट पाण्यानं रक्त पुसलं आणि बदक टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं. अकरा टाके, एकसारखे, बारीक. फाटलेलं कुठं दिसेनासं झालं. शेजारीपाजारी बघायला आले. शेजारची मास्तरीण म्हणाली, "काकू, डॉक्टरलासुद्धा जमणार नाही हो असं!" काकूंना जरा बरं वाटलं, खोटं कशाला सांगा.

आक्कांचा फोन आला. "कुत्रा आत आलाच कसा?"

"माझंच चुकलं, आक्का. कडी लावायची राहिली माझ्याकडून."

आक्कांनी मग फोनवरूनच त्यांची अशी हजेरी घेतली की पलीकडच्या खोलीत काकांना ऐकू जावं. काका गार्डबाईच्या खोक्याजवळ बसून होते.

तिसऱ्या दिवशी गार्डबाई खाईना. डोळे मिटून, मान पिसांत घालून बसून राहिली. पाठ फुगली, हात लावला तर चटका बसावा अशी गरम, आणि घाण वास यायला लागला. टाके मात्र जसेच्या तसे. दोघं खोकं घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी पिसं बाजूला केली. "टाके कोणी घातले?"

"मी," काकू म्हणाल्या.

"सुंदर आहेत. पण घालायला नको होते. कुत्र्याच्या दातांबरोबर घाण आत गेली आणि तुम्ही ती आत कोंडलीत. वरून छान दिसतंय, आतून सडतंय. ही जखम उघडी ठेवायची असते काकू. रोज धुवायची, म्हणजे ती तळापासून भरत येते."

मग त्यांनी एकेक टाका कापला. काकूंनी ते अकराही आवाज ऐकले. पू वाहिला, औषधाच्या पाण्यानं जखम धुतली, इंजेक्शन दिलं. जगेल की नाही ते चारपाच दिवसांत कळेल, असं त्या म्हणाल्या. नोंदवहीत लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "कुत्रा आत शिरला कसा?"

"मी कडी लावायला..." काकूंनी सवयीनं सुरुवात केली.

"हिनं नाही. मी," काका म्हणाले. "कडी मी उघडी टाकली. आणि औषधाच्या वेळा हिला सांगा डॉक्टर. माझ्या लक्षात राहत नाही हल्ली."

काकूंना तोंड कुठं लपवावं कळेना. एवढं लपवलेलं, आणि ज्याच्यापासून लपवलं त्यालाच सगळं ठाऊक!

सकाळ-संध्याकाळ जखम धुणं सुरू झालं. मागच्या पडवीत काका बदक दोन्ही हातांत धरायचे, पंख दाबून, डोक्यावर फडकं टाकून. काकू उकळून गार केलेलं मिठाचं पाणी पिचकारीनं सोडायच्या. माशी बसू नये म्हणून खोक्यावर जाळी. पहिले दोन दिवस गार्डबाई हलतही नव्हती. धुणं झालं की काका तिला भिजवलेला दाणा चोचीत भरवायचे, ती तो तसाच गळू द्यायची, आणि काका पुन्हा भरवायचे.

पाचव्या दिवशी सकाळी काकूंनी फडकं काढलं आणि पिचकारी उचलली, तर गार्डबाईनं मान वळवून त्यांच्या मनगटाला कचकन चिमटा काढला.

"आई गं! सवत मेली!" काकू ओरडल्या, आणि एकदम त्यांच्या लक्षात आलं. जखमेत तळाशी लालचुटूक, स्वच्छ मांस दिसत होतं. वास गेला होता. "अहो, जगली ही! जगली!"

काका हसले. मग बदकाकडं बघत म्हणाले, "एकदा म्हण की."

"काय म्हणू?"

"मी विसरलो, असं. वर्षभर तू माझा प्रत्येक घोटाळा स्वतःच्या अंगावर घेतेस. आक्काच्या शिव्या खातेस. मला वाटायचं, हिला माझी लाज वाटते. आणि मग मीही काही कळत नाही असं दाखवायचो. फार एकटं वाटतं गं त्यात."

काकूंनी पिचकारी खाली ठेवली. "लाज कसली मेली! मला वाटलं तुम्हाला सोसणार नाही."

"म्हण."

"विसरलात तुम्ही," काकू म्हणाल्या. "कडी लावायला विसरलात. परवा माझं नावसुद्धा पटकन आठवलं नाही तुम्हाला. मला फार भीती वाटते हो." आणि त्यांना रडू कोसळलं.

काकांनी हात पुढं केले नाहीत, कारण दोन्ही हातांत बदक होतं आणि ते सोडून चालणार नव्हतं. म्हणून ते तसेच सरकत सरकत जवळ आले आणि त्यांनी आपला खांदा पुढं केला. काकूंनी त्याला डोळे पुसले.