पाच दुपारी

झुवैनाला सूर या अरबी बंदरगावात कुणी कितीतरी वर्षं अमक्याची आई म्हणून हाक मारली नाही. आमच्याकडे बाईला मुलगा झाला की तिचं स्वतःचं नाव पेटीत जातं आणि ती मुलाच्या नावाने ओळखली जाते. झुवैनाला तिन्ही मुलीच. त्यामुळे ती चाळिशी गाठेपर्यंत झुवैनाच राहिली, आणि जिचं नाव बदललं त्या घनियावर जळत राहिली. हे तिने लपवलं असंही नाही. "देवाने मला दोन डोळे दिले, त्यातला एक घनियासाठीच दिला," असं ती स्वतःच म्हणायची.

ती बायकांच्या मुखपट्ट्या बनवायची. निळीत बुडवलेलं कापड शंखाने घासून घासून तांब्यासारखं चमकवायचं, डोळ्यांच्या खाचा कापायच्या, नाकावर उभी काडी बसवून खळीने चिकटवायचं. माप घ्यायला चेहरा उघडा लागतो. त्यामुळे गावातल्या नवऱ्यांना नव्हते माहीत तेवढे चेहरे तिला माहीत होते. तिच्या स्वतःच्या बोटांची नीळ कधी गेली नाही. मी शेजारच्या घरात वाढले आणि दोऱ्या वळून द्यायला तिच्यापाशी बसायचे. पुढचं सगळं मी तिच्या तोंडून ऐकलं, थोडं तिच्या धाकट्या मुलीकडून, रय्याकडून.

घनिया आणि झुवैना एकाच गल्लीतल्या. घनियाचा बाप मासे खारवायचा; ती जवळ आली की आधी वास यायचा, असं झुवैना हमखास सांगायची. गावावर तेव्हा हुवैल या जहाजमालक घराण्याचं राज्य होतं. त्यांच्या पणजोबाने एका गळक्या गलबतातून बसऱ्याचा खजूर आणायला सुरुवात केली. अर्धा माल वाटेत खलाशीच खायचे, अशी त्याची थट्टा व्हायची. आजोबांकडे चार जहाजं झाली, बापाकडे सात. सैफ नाखवा गादीवर आला तेव्हा खाडीत अकरा उभी राहायची, सगळी मलबारी सागाची. बसरा, मलबार, झांझिबार, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत सूर. अकरावं जहाज खाडीत शिरलं की हुवैलांच्या गच्चीवरून तोफ सुटायची. तोफ ऐकून गर्भार बायका पोटावर हात ठेवायच्या.

या सैफसाठी मुलगी बघायला हुवैलांच्या बायका आमच्या गल्लीत आल्या, तेव्हा घनिया आणि झुवैना दोघी झुवैनाच्या आईपाशी माप द्यायला बसल्या होत्या. दोघींचे चेहरे उघडे. बायकांनी दोघींना बघितलं, खजूर खाल्ले, कहवा प्यायला आणि तिसऱ्या दिवशी घनियाला मागणी घातली. लग्नाची मुखपट्टी झुवैनालाच कापावी लागली. सैफच्या बहिणीने जाता जाता म्हटलं होतं म्हणे, की दुसरीही वाईट नव्हती, फक्त नाक जरा आधी येऊन पोचतं. हे वाक्य झुवैनाने मला किमान चाळीस वेळा सांगितलं असेल, आणि दर वेळी नाकावरून बोट फिरवलं.

तिचं लग्न सालमीनशी झालं. तो सैफच्याच जहाजावरचा खलाशी. शीड ओढताना गाणं म्हणून इतरांना ताल द्यायचा. माणूस गुणी, पण घरी आला की सगळं कौतुक नाखव्याचं. नाखव्याने बायकोला झांझिबारहून चंदनाची पेटी आणली. नाखव्याने मलबारात बायकोच्या नावाने जहाजाची फळी कोरून घेतली. झुवैना विचारायची, आणि तू काय आणलंस? सालमीन लवंगा काढून दाखवायचा. लवंगा सगळेच खलाशी आणायचे.

पुढच्या वर्षी दोघी एकाच महिन्यात बाळंत झाल्या. झुवैनाला मुलगी. घनियाला मुलगा, मुहन्ना. त्याच्यासाठी तोफ सुटली, जहाज नसताना. त्या दिवसापासून माशाच्या वासाची घनिया गेली आणि उम्म मुहन्ना आली, म्हणजे मुहन्नाची आई. लोक बोलायला लागले, की अकराची बावीस करणारा आला.

पण घनियाला ताप चढला आणि दूध आटलं. पोराला शेळीचं दूध सोसेना. रडण्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत यायचा. कुणीतरी घनियाच्या सासूला सुचवलं, की झुवैना ओली आहे, दूध भरपूर आहे, तिला बोलवा. सासू म्हणाली, नीळ लागलेल्या हातांचं दूध हुवैलांच्या पोटात जाणार नाही. नात्यातली दाई दुसऱ्या गावाहून निघाली आहे, तोवर शेळी आहे. हे झुवैनाच्या कानावर आलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी तिलाच बोलावणं आलं, पण दुधासाठी नाही. बाळंतपणाच्या चाळिसाव्या दिवसासाठी सुनेला नवी मुखपट्टी हवी होती. झुवैना गेली. दुपारची वेळ, सगळं घर उन्हाने झोपलेलं, सासू घोरत होती, घनिया तापात बेशुद्धासारखी पडली होती. पोरगं झोळीत रडून रडून निळं झालं होतं. झुवैनाने माप घेतलं. मग झोळीतून पोर उचललं आणि छातीला लावलं.

आमच्याकडे दुधाचं नातं रक्ताइतकंच पक्कं. पण काझी सांगतात, एकदा-दोनदा पाजलं तर ते नुसतं दूध. पाच वेळा पोटभर पाजलं की बाई त्याची आई होते, आणि तिची सगळी लेकरं, आधीची आणि नंतरची, त्याची भावंडं होतात. हे झुवैनाला चांगलं ठाऊक होतं. म्हणून जी मुखपट्टी ती अर्ध्या दिवसात करायची, ती तिने पाच दुपारी लांबवली. खळ वाळली नाही. काडी तिरकी बसली. रंग फिका आहे, उद्या आणखी घासते. पाच दुपारी पोर गप्प राहिलं आणि सासूने गल्लीभर सांगितलं, की शेळीचं दूध मानवलं. सहाव्या दिवशी घनियाचा ताप उतरला, दूधही आलं. झुवैना मुखपट्टी देऊन घरी आली आणि कुणाला काही बोलली नाही. सालमीनलाही नाही.

"दयेपोटी केलंस ना?" असं मी एकदा विचारलं होतं.

"दया पहिल्या दुपारी होती," ती म्हणाली. "बाकीच्या चार माझ्या."

मग वाऱ्याने पाठ फिरवली. एका वर्षी वादळात दोन जहाजं एकदम गेली, बसऱ्याहून येताना. पुढे इंजिनाच्या बोटी आल्या. त्यांना वाऱ्याची वाट बघावी लागत नव्हती आणि गाणं म्हणणारा सालमीनही लागत नव्हता. दोन जहाजं मलबारातच विकली, तीन कुजली. मग झांझिबारात राज्य उलथलं, तिथल्या अरबांची पळापळ झाली आणि आमच्या गलबतांना ते दार कायमचं बंद झालं. सैफ नाखवा त्या वर्षी गच्चीवर बसून राहिला आणि पुढच्या वर्षी वारला. उरलेल्यांतली तीन विकली गेली आणि शेवटचं जहाज खाडीच्या चिखलात कलून पडलं. लोक जाता येता त्याची एकेक फळी काढून न्यायचे. झुवैनाही न्यायची. साग जळताना गोड वास येतो. सुक्या मोरी माशाचं कालवण त्या जाळावर ठेवून ती म्हणायची, की आज हुवैलांनी माझा स्वयंपाक केला. फक्त घनियाचं नाव कोरलेली फळी तिने जाळली नाही. दाराशी उंबऱ्याखाली घातली, पाय पुसायला.

मुहन्ना बावीस वर्षांचा झाला तो कुवेतच्या बंदरात दुसऱ्यांची जहाजं ओढणाऱ्या बोटीवर नोकरी करत. अकराची बावीस करणारा. त्या हिवाळ्यात तो सुट्टीवर आला आणि आईसाठी मुखपट्टी न्यायला झुवैनाच्या दाराशी आला. आठवड्याने पुन्हा आला. मग पुन्हा. परका पुरुष दाराशी खोकतो, आतल्या बायका चेहरा झाकतात, मग तो बोलतो. तो खोकायचा, आणि झुवैनाची धाकटी, अठरा वर्षांची रय्या, दाराआडून मुखपट्टी पुढे करायची. एकदा तिने विचारलं, "तुमच्या आईचं नाक वाढतंय का? दर आठवड्याला नवी लागते ती."

बाहेरून उत्तर आलं, "आईचं नाही. माझं वाढतंय. इथे आणून सोडतं मला."

दुसरी कुठलीही आई असती तर मुलीचा कान धरला असता. झुवैना आत बसून हसली. तिला वाटलं, दूध ओढतंय त्याला. पोरगं न कळता आपल्या आईच्या दाराशी येतंय. आणि रय्या त्याच्याशी बोलली तर बिघडलं काय, बहीण भावाशी बोलतेय. बावीस वर्षं तिने मनात त्याला इतका आपला मानला होता, की हे दुसऱ्या कुणालाच माहीत नाही, हेच ती विसरली.

आणि एका संध्याकाळी घनिया आली. चालत आली, बरोबर फक्त तिची वृद्ध नणंद, ती नाकाबद्दल बोललेली. सालमीनला निरोप आधीच मिळाला होता आणि तो गल्लीच्या तोंडाशी बसून नुसता गुणगुणत होता. घनियाने दाराशी चपला काढल्या. पायाखालच्या फळीवर तिची नजर गेली. ती क्षणभर थांबली, मग आपल्या नावावरून पाय टाकून आत आली.

झुवैनाने कहवा ओतला. घनियाने पेला घेतला आणि न पिता जमिनीवर ठेवला. मागणी घालायला आलेला माणूस होकार मिळेपर्यंत पीत नाही. म्हणजे प्रश्न विचारून झाला होता.

झुवैनाला आयुष्यात इतकं गोड काही मिळालं नव्हतं. तिने हवापाण्याच्या गप्पा काढल्या. खजूर पुढे केले. पेल्याकडे बघितलंच नाही. शेवटी घनियालाच तोंड उघडावं लागलं.

"कहवा थंड होतोय, झुवैना."

"होऊ दे की. तुमच्याकडे घाई कधीपासून आली, उम्म मुहन्ना?"

"टोमणे मार. मारायला जागा आहे तुला," घनिया म्हणाली. "तेव्हा तुझ्या आईच्या ओसरीवर आपण दोघी बसलो होतो, आणि मला निवडलं. आज मी तुझ्या ओसरीवर आलेय. तुझी रय्या माझ्या मुहन्नाला दे."

आतल्या पडद्यामागे बांगडी वाजली. रय्या तिथेच उभी होती. झुवैनाने ती बांगडी ऐकली आणि तेव्हा कुठे तिला कळलं, की पोरी नुसत्या भावाशी बोलताना बांगड्या घालत नाहीत.

एक शब्द पुरेसा होता. पी. पेला उचलला गेला असता, हुवैलांची सून झुवैनाच्या पोटची असती, आणि पाच दुपारींचा साक्षीदार एकच होता, ती स्वतः. तिने मला सांगितलं, की मी देवाला भ्याले हे खरं, पण निम्मंच खरं. "बावीस वर्षं ओठांवर होतं गं. आणि ऐकवायला समोर तीच बसली होती."

"पेला राहू दे," झुवैना म्हणाली. "मी पाजलंय त्याला."

"काय पाजलंयस?"

"तू तापात होतीस. मुखपट्टी करायला यायचे मी. दुपारी."

नणंदेच्या हातातला खजूर हातातच राहिला. घनियाने अगदी हळू विचारलं, "किती वेळा?"

झुवैनाच्या तोंडात चार आलं होतं. चार म्हटलं की लग्न होत होतं.

"पाच."

"नीट आठव. तापातल्या बाईचं घर, कोण मोजत बसतं?"

"मोजूनच पाजलं, घनिया."

घनियाने चेहऱ्यावरची मुखपट्टी सारखी केली. ती झुवैनानेच केलेली होती. उठली, नणंदेला हात दिला, दाराशी चपला घातल्या. मग मागे न वळता म्हणाली, "येते, उम्म मुहन्ना."

जे नाव ऐकायला झुवैनाचे कान बावीस वर्षं आसुसले होते, ते तिला असं मिळालं.

काझींनी दुसऱ्या दिवशी तिला विचारून, हे लग्न होणार नाही, हेच कायम केलं. सालमीन तिच्याशी पुढे वर्षभर कामापुरतं बोलला. रय्या तेवढंही नाही.

कुवेतला परतायच्या आदल्या सकाळी मुहन्ना आला. दाराशी उभा राहून खोकला.

"खोकू नकोस," झुवैना आतून म्हणाली. "तुला खोकायची गरज नाही आता." तिने मुखपट्टीची दोरी सोडली. लग्न झाल्यापासून सालमीन सोडून दुसऱ्या पुरुषाने तिचा उघडा चेहरा बघायची ती पहिली वेळ. गालांवर नीळ, आणि ते आधी येऊन पोचणारं नाक. मुहन्नाने मान वर केली, बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

"आईला विचारलं, तुम्ही असं का केलंत. ती म्हणाली, तिलाच विचार."

"तुला भूक लागली होती," झुवैना म्हणाली.

"पाचही वेळा?"

झुवैनाने आत वळून रय्याला हाक मारली, कहवा आण म्हणून. रय्या आली. तिने ओढणी डोळ्यांपर्यंत ओढून घेतली होती, फक्त बोटं दिसत होती, बांगड्यांशिवाय.

"भाऊ आहे तुझा," झुवैना म्हणाली. "त्याच्यापुढे चेहरा झाकायचा नसतो."

"तुझा मुलगा असेल," रय्या म्हणाली. तिने पेला त्याच्यासमोर ठेवला, ओढणी आणखी पुढे ओढली आणि तो उठून जाईपर्यंत तशीच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.