मलिद्याचं ताट

आम्ही कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. नवस फेडायचा झाला की आमच्यात मलिदा करतात. भिजवलेल्या गोड पोह्यांत ओलं खोबरं, वेलची, वर फळं, आणि मग प्रार्थना. बेचाळीसच्या चळवळीत माझी आई कॉलेजात होती. असं ताट हातात घेऊन ती मुंबईत हिंडायची आणि पोह्यांखाली भूमिगतांची पत्रकं असायची. देवाच्या ताटाला हात लावायची पोलिसांची छाती होत नसे. शेवटी पकडली गेलीच. माफी लिहून दे, सोडतो, म्हणाले. तिनं लिहून दिली नाही, तुरुंगात राहिली.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. तरीही म्हातारपणी लंडनजवळ इल्फर्डला माझ्याकडे राहायला आलेल्या याच आईच्या मागे मी ब्रिटिश नागरिकत्वासाठी हात धुऊन लागले. मी हॉस्पिटलात डॉक्टर, मला सगळं कसं नीटनेटकं लागतं. एअरपोर्टवर आम्ही ब्रिटिश पासपोर्टवाले एका रांगेत आणि ती दुसरीत, याचा मला वैताग यायचा. कारण खरं तर एवढंच. सांगायचीही लाज वाटते.

"राणीशी निष्ठेची शपथ घ्यावी लागते म्हणे," ती म्हणाली.

"आई, जस्ट फॉर्मॅलिटी आहे गं. टाउन हॉलमध्ये टेन मिनिट्स. कोण सिरियसली घेतंय?"

"मी घेते ना."

मग मी हुकमी एक्का काढला. "उद्या भारतात गेलीस, तुला परत इकडे येऊ दिलं नाही आणि तिकडेच काही झालं, तर मी इथलं सगळं सोडून धावत येऊ का?"

शेवटी ती म्हणाली, "देवाला तरी मध्ये आणू नकोस." देवाचं नाव न घेता शपथ घ्यायची सोय होती. तीच आम्ही निवडली.

टाउन हॉलमध्ये राणीच्या तसबिरीसमोर सगळे उभे राहिले. अधिकारी बाई वाक्य सांगायच्या, बाकीचे मागून म्हणायचे. मला वाटलं होतं, आई नुसती पुटपुटेल. तिनं एकही शब्द न गाळता, खणखणीत आवाजात सगळं म्हटलं. शपथ ही तिच्या लेखी शपथच होती. टाळ्या वाजल्या, फोटो काढले. फोटोत तिची मान खाली आहे. ती माझ्यामुळे खाली आहे, हे मला तिथेच कळलं आणि कुठे तोंड लपवू असं झालं.

घरी मी सकाळीच हौसेनं मलिदा करून ठेवला होता. प्रार्थना झाल्यावर ताट तिच्यासमोर ठेवलं. तिनं पोह्यांत बोटं घातली आणि ताटाचा तळ चाचपला.

"काय शोधतेस?"

"काही नाही. खाली काहीच नाही." तिनं ताट माझ्याकडे सरकवलं. "नवस तुझा होता. तू खा."

मी खाल्ला. तिच्याकडे बघायचं धाडस झालं नाही.